मालक कोण?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

कामगार कायद्यावर बोलायचं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता कलमं आणि पोटकलमं सुरू होणार. मी आज कलमं फारशी सांगणार नाही. मला एका प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. हा प्रश्न मला अर्ज लिहिताना भेटला.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या कामगारांना तक्रारीचे अर्ज लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. अर्जात सर्वांत वर कामगाराचं नाव येतं. त्याखाली 'विरुद्ध' हा शब्द येतो. त्या 'विरुद्ध'च्या खाली कोणाचं नाव लिहायचं, इथे पेन अडतं. समोर बसलेला माणूस सांगतो, काम केलं कारखान्यात, पैसे द्यायचा ठेकेदार. ठेकेदाराचं नाव काय? 'आम्ही त्यांना दादाच म्हणायचो.' आडनाव? ते ठाऊक नसतं. मोबाईलमध्ये नंबर असतो, तोही 'दादा' याच नावाने. तीन महिन्यांचा पगार बुडालेला असतो, कधी हाताला इजा झालेली असते, आणि हे सारं मागायचं कोणाकडे याचाच पत्ता नसतो.

हक्क म्हणजे कोणाकडून तरी येणं असलेली गोष्ट. किमान वेतन असो, भविष्य निर्वाह निधी असो की अपघाताची भरपाई असो, कायदा एकाच्या पदरात हक्क टाकतो तेव्हा दुसऱ्याच्या खांद्यावर जबाबदारी ठेवतो. तो दुसरा कोण हे ठरलं नाही, तर कायद्याचं पुस्तक कितीही जाड असून उपयोग नाही. म्हणून मी म्हणतो, कामगार कायद्यातला पहिला प्रश्न 'किती मिळणार' हा नाही. 'मालक कोण' हा आहे.

आपल्या आजोबांच्या काळी हा प्रश्न कोणाला पडत नव्हता. पाडव्याला सालगडी ठरायचा. वर्षाचे पैसे किती, धान्य किती, कपड्याचे जोड किती, हे चावडीवर नाहीतर देवळाच्या कट्ट्यावर बोलून ठरायचं. कागद नव्हता, पण गाव साक्षीला होतं. त्या व्यवहारात न्याय होताच असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा नव्हता. पण गडी कोणाचा हे साऱ्या गावाला माहीत असे. पुढे कारखाने आले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथल्या कामगाराला आपला मालक कोण हे विचारावं लागत नव्हतं. मालक त्याच वसाहतीत राहत होता.

आज तसं राहिलेलं नाही. औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गेटमधून सकाळी शंभर माणसं आत जातात, त्यांतली कित्येक कंपनीच्या हजेरीपटावर नसतात. कोणी एका ठेकेदाराचा, कोणी दुसऱ्याचा, कोणी तिसऱ्याच्या हाताखालचा. काम तेच, यंत्र तेच, साहेबही तोच. मालक मात्र वेगवेगळे. गाव साक्षीला नाही आणि कागदही नाही, अशा दोन्हीकडून उघड्या जागी आजचा कामगार उभा आहे.

पण 'मालक कोण' या कोड्याची दोन मोठी उत्तरं आपल्याच दोन जिल्ह्यांतल्या माणसांनी शोधली आहेत. एक साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून निघालं, दुसरं सांगलीच्या तासगाव तालुक्यातून. पुढे दोन्हींचे कायदे झाले.

पाटण, जावळी, शिराळा हा सगळा डोंगराचा मुलूख. जमिनीचे तुकडे लहान, पाऊस उदंड, पीक बेताचं. इथल्या घराघरांतून माणसं मुंबईला गेली. कोणी गिरणीत लागलं, कोणी मशीद बंदर, दाणाबंदर इथल्या बाजारात ओझी वाहू लागलं. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. हे हमाल टोळीने काम करत. सकाळी एका दुकानाची पोती उतरवायची, दुपारी दुसऱ्याची थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याचा ट्रक भरायचा.

यांतल्या एखाद्याच्या पाठीवर पोतं पडलं तर जबाबदार कोण? व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही, गाडीबरोबर आला. गाडीवाला म्हणे, माल व्यापाऱ्याचा, मी फक्त भाडं घेतो. टोळीवाला म्हणे, मीही हमालच आहे. तिघांचंही म्हणणं थोडंथोडं खरं होतं. दिवसाला पाच दुकानांत काम करणाऱ्या माणसाचा एक मालक दाखवणार कसा? आणि एक मालक नाही म्हणून रजा नाही, फंड नाही, म्हातारपणाची सोय नाही. कायद्याच्या भाषेत हे 'असंरक्षित' कामगार. शब्द सरकारी आहे, पण नेमका आहे.

पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांना संघटित केलं. मोर्चे झाले, संप झाले, आणि १९६९ साली 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम' आला. या कायद्याची खुबी अशी की तो एका मालकाचा शोध घेत बसला नाही. पाच मालक असतील तर पाचही असू द्या, असं म्हणून त्याने मधे एक मंडळ उभं केलं. त्या मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी, मालकांचे प्रतिनिधी आणि सरकारचे प्रतिनिधी. हमालाने मंडळात नाव नोंदवायचं, व्यापाऱ्यानेही नोंदवायचं. कामाची मजुरी व्यापारी हमालाच्या हातात देणार नाही, मंडळात भरणार. मजुरीवर ठरलेल्या टक्क्यांनी आणखी रक्कम भरणार. तिला लेव्ही म्हणतात.

सांगलीच्या हळदीच्या बाजाराचं उदाहरण घेऊ. सोमवारी एका नोंदीत टोळीने तीन अडत दुकानांत पोती उतरवली, मंगळवारी आणखी दोघांकडे गाड्या भरल्या. पाचही दुकानदार आपापल्या कामाची मजुरी आणि लेव्ही मंडळात भरतात. महिनाअखेर त्या हमालाला पाच दुकानांचे पैसे एका ठिकाणाहून, हिशेबासह मिळतात. लेव्हीतून त्याचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा, औषधपाणी यांची तरतूद होते. पाच मालकांचा मिळून एक हजेरीपट तयार होतो. ज्याला एकही मालक नव्हता, त्याला फंडाचं पुस्तक मिळतं.

या कायद्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो अनुसूचीत दिलेल्या उद्योगांना आणि नोंद झालेल्या माणसांना उपयोगी पडतो. नोंदीत हमालाच्या शेजारी उभा राहून तेवढंच पोतं उचलणारा बिननोंदीचा गडी संध्याकाळी रोख पैसे घेऊन घरी जातो, आणि त्याच्या नावावर त्या दिवसाची खूण कुठेच राहत नाही. दुसरं असं की माथाडी या नावाचा धाक दाखवून, पोत्याला हातही न लावता, कारखानदारांकडून पैसे उकळणारे लोकही निघाले. त्यांच्यामुळे घाम गाळणाऱ्या माथाडीचं नाव खराब झालं. यावर उपाय एकच. पैसे मागणाऱ्याला मंडळाची नोंदणी विचारा. खरा माथाडी ती लगेच दाखवतो.

आता तासगाव तालुक्याकडे या. इथला प्रश्न वेगळा होता. हमालाला पाच मालक होते. तासगाव, जत, आटपाडी, माण, खटाव इथल्या दुष्काळी शिवारातल्या शेतमजुराला एकही नव्हता. पाऊस नाही तर पेरणी नाही, पेरणी नाही तर मजुरी नाही. ज्याला कामच नाही, त्याला किमान वेतनाचा कायदा काय देणार?

विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी मांडलेला विचार सरळ होता. अंगमेहनत करायला तयार असलेल्या माणसाला खेड्यात काम मिळत नसेल, तर ते सरकारने दिलं पाहिजे. सरकारने मेहेरबानी म्हणून नव्हे, देणं म्हणून दिलं पाहिजे. १९६९ च्या सुमारास तासगाव तालुक्यात याचा प्रयोग सुरू झाला. १९७२ च्या दुष्काळाने साऱ्या महाराष्ट्राला त्याची गरज पटवली. विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. म्हणजे जिथे मालकच नाही, तिथे शेवटचा मालक सरकार. २००५ साली संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होताच.

नोकरदार वाचकांनी आपली पगाराची पावती काढून पाहावी. त्यात 'व्यवसाय कर' किंवा 'पी. टी.' अशी एक कपात दिसेल. वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार रुपये. महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला, तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकाराच्या मजुरीचा वाटा उचलायचा, अशी ही कल्पना. आपल्या पावतीवरच्या त्या ओळीचा जत-आटपाडीशी संबंध आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

या कायद्यातही सारं एका कागदावर येऊन थांबतं. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा, असा नियम. पण पंधरा दिवस मोजायचे कुठून? अर्जाच्या पावतीवरच्या तारखेपासून. 'सरपंचांना सांगितलं होतं', 'ग्रामसेवकाला दोनदा विचारलं' यावर भत्ता मिळत नाही. तोंडी मागणी हवेत विरते. तारखेची पावती सरकारला बांधून घेते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ केले, शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं थांबवण्याची तरतूद ठेवली, आणि खर्चाचा मोठा वाटा राज्यांवर टाकला. त्यावर मतं वेगवेगळी आहेत. पण काम मागणाऱ्याने पावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये, हा सल्ला जुन्या कायद्यात खरा होता तसा नव्यातही खरा आहे.

दोन्ही कायद्यांकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट दिसते. अण्णासाहेब पाटलांचं माथाडी मंडळ असो की पागेंची हमी असो, कामगाराला जो आधार मिळाला तो नोंदीतून मिळाला. आधी नाव लिहिलं गेलं, मग हक्क आला.

जिथे हे कोडं सुटलेलं नाही, ते ठिकाण आपल्या उसाच्या फडात आहे. पावसाळा सरला की सातारा-सांगलीच्या साखरपट्ट्यात टोळ्या उतरतात. बीड आणि अहिल्यानगरहून येतात, आपल्याच जत-आटपाडी आणि माण-खटावातूनही येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. गावाकडून निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. ऊस जातो कारखान्याला. पैसे येतात मुकादमाच्या हातून. मुकादमाचा करार असतो वाहतूकदाराशी आणि वाहतूकदाराचा कारखान्याशी.

मग तोडणी कामगाराचा मालक कोण? दर ठरवायची वेळ येते तेव्हा साखर संघाचे लोक आणि कामगार संघटना समोरासमोर बसतात. जानेवारी २०२४ मध्ये असंच बसून तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला सुमारे ३६६ रुपये. दर ठरवताना कारखान्यांची बाजू हजर असते. पण फडात साप चावला, गाडी उलटली, बाईचं पोटातलं मूल गेलं, तर उत्तर येतं की ती माणसं मुकादमाची. हा सारा व्यवहार याच अधांतरी जागेत चालला आहे.

अधांतरी व्यवहारात फक्त कामगारच बुडतो असंही नाही. वाळवा, पलूस, कराड भागातला शेतकऱ्याचा मुलगा कर्ज काढून ट्रॅक्टर घेतो, टोळीसाठी मुकादमाला लाखो रुपये उचल देतो, आणि हंगाम सुरू झाला तरी टोळी येत नाही. अशा फसवणुकीच्या कितीतरी तक्रारी दरसाल आपल्या पोलिस ठाण्यांत दाखल होतात. चिडलेला वाहतूकदार मग हाती लागलेल्या मजुरालाच अडवून ठेवतो. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. उचल फिटत नाही म्हणून माणसाला डांबून ठेवणं, जबरदस्तीने राबवणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. पैसे बुडाले असतील तर त्याची दाद पोलिसांत आणि कोर्टात मागायची. माणूस तारण ठेवता येत नाही.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, ओळखपत्रं देण्याचं काम सुरू झालं, गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घेण्याचंही ठरलं. ही सुरुवात चांगली आहे. पण माथाडी मंडळासारखी मजुरी नोंदवून, हिशेब ठेवून, कामगाराच्या हाती देणारी यंत्रणा अजून फडापर्यंत पोहोचलेली नाही. मला विचाराल तर रस्ता पाटणच्या माणसाने दाखवलेलाच आहे. एक मालक सापडत नसेल तर सगळ्यांना मिळून एका वहीत आणा.

आता गेटच्या आतल्या, ठेकेदाराकडच्या कामगाराकडे वळतो, कारण साताऱ्याच्या आणि मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत त्यांची संख्या मोठी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. जुने २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. नोकरकपात, संप यांबाबतच्या काही तरतुदींना कामगार संघटनांचा विरोध आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. पण आपल्या प्रश्नापुरतं पाहिलं तर त्यांतल्या काही गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं आहे. दुसरी, मालकाने पगाराची पावती द्यायची आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा. नोकरी सुटली, मग काढलं असो की स्वतः सोडली असो, तर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता व्हायला हवा. जादा कामाचे पैसे दुपटीने. तिसरी गोष्ट 'मालक कोण' या प्रश्नाला थेट भिडते. ठेकेदाराने पगार दिला नाही, तर ज्याच्या आस्थापनेत काम चाललं तो धनी तो पगार द्यायला जबाबदार राहतो. 'तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे' एवढं म्हणून कंपनीला पगाराच्या बाबतीत हात झटकता येत नाहीत.

चौथी गोष्ट ग्रॅच्युइटीची. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. महिन्याचे २६ दिवस धरतात. समजा, शेवटचा पगार १३,००० रुपये आणि सेवा १२ वर्षं. १३,००० भागिले २६ म्हणजे रोजचे ५००. गुणिले १५ म्हणजे ७,५००. गुणिले १२ म्हणजे ९०,००० रुपये. नव्वद हजार ही आपल्याकडे मुलीच्या कॉलेजची किंवा घराच्या पत्र्याची रक्कम आहे. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीलाही ती नाही. साखर कारखान्यासारख्या हंगामी कामात दर हंगामामागे सात दिवसांचा पगार धरतात. 'हंगामी माणसाला ग्रॅच्युइटी नसते' असं कोणी सांगितलं, तर ते खरं नाही.

पाचवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पगार मिळाला नाही किंवा कमी मिळाला असा दावा कामगाराने केला, तर तो दिला होता हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर आहे. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. पण यात एक पायरी आधी आहे. पगार दिला हे मालकाने दाखवायचं, परंतु मी तिथे कामाला होतो हे बहुधा कामगारालाच दाखवावं लागतं. ही पायरी चुकली की पुढचं दार उघडत नाही.

एका वॉचमनची हकिगत सांगतो. आठ वर्षं तो एकाच गेटवर उभा होता. या काळात ठेकेदार तीन झाले. गेट तेच, खुर्ची तीच, बिल्ल्यावरचं नाव तेवढं बदलत गेलं. काम सुटलं तेव्हा शेवटचा ठेकेदार म्हणाला, याची नोकरी माझ्याकडे अकराच महिन्यांची. त्याचं त्याच्यापुरतं खरं होतं. पण या गड्याने तिन्ही बिल्ले जपून ठेवले होते. दरवर्षीचा गेटपास होता. रात्रपाळीच्या आवक-जावक वहीत त्याच्या सह्या होत्या आणि त्या वह्या कंपनीच्या कपाटात होत्या. मी अर्जात 'विरुद्ध'च्या खाली दोन नावं लिहिली, ठेकेदाराचं आणि कंपनीचं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं नाही. कामगार कार्यालयातल्या दुसऱ्या बैठकीतच आठ वर्षांचा हिशेब टेबलावर आला. त्याच गेटवर त्याच्याबरोबर उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे काहीच नव्हतं. त्याच्यासाठी मला काही करता आलं नाही.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, नेमणूकपत्र मिळत नसेल तर रडत बसू नका, आपला पुरावा आपण साठवा. गेटपास, ओळखपत्र, कंपनीच्या बसचा पास, पाळीचा तक्ता आलेला मोबाईलवरचा निरोप, खात्यात जमा झालेल्या पैशांची नोंद. राज्य विम्याचा नंबर आणि भविष्य निर्वाह निधीचा नंबर विचारून घ्या. फंडाच्या पासबुकात मालकाचं नाव छापलेलं असतं, ते एकदा वाचा. पुष्कळांना आपला मालक कोण हे तिथेच पहिल्यांदा कळतं. ई-श्रम कार्ड जरूर काढा, पण ते तुम्ही कामगार आहात एवढंच सांगतं, कोणाचे ते सांगत नाही. आणि शंभर पानी वही घेऊन रोज दोन ओळी लिहा. तारीख, कामाचं ठिकाण, आलो किती वाजता, सुटलो किती वाजता, पैसे कोणी दिले. रोजच्या रोज लिहिलेल्या वहीला वजन असतं.

तक्रार कुठे करायची? दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी कामगार आयुक्तालयाची कार्यालयं आहेत. साधा अर्ज चालतो, मराठीत चालतो, पोच मात्र घ्यायची. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण असतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो. त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आता दोन शब्द मालकांसाठी. आपल्या गावांत मालक म्हणजे काही बडे उद्योगपती नव्हेत. विट्याचा चार मागांचा कारखानदार, कराडचा हॉटेलवाला, मिरजेचा दुकानदार, अशीच माणसं बहुतेक. त्यांना कागदाची भीती वाटते. लिहून दिलं तर अडकू, असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. कोर्टात अडकतात ते बहुधा कागद नसलेले. पगार दिला, दिवाळीला उचल दिली, आजारपणात मदत केली, पण सही कुठेच नाही. वाद झाला की दिलेलं सारं पाण्यात. एका पानाचं मराठी नेमणूकपत्र आणि महिन्याची सही केलेली पावती मालकालाही तितकीच सांभाळते. घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या बाबतीत तर आपण सगळेच मालक असतो. त्यांचा महिना, खाडे आणि आगाऊ दिलेले पैसे दोघांसमोर एका वहीत लिहिले, तर कितीतरी कुरबुरी उगवणारच नाहीत. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे. मावशींची तिथे नोंद झाली आहे का, एवढी चौकशी तरी आपण करावी.

आज रविवार आहे. उद्या सोमवारी कामावर जाल तेव्हा कोणाशी भांडायची गरज नाही. हजेरी घेणाऱ्याला एवढंच विचारा, माझं नाव कोणाच्या पटावर आहे, आणि त्या पटाच्या वर मालक म्हणून कोणाचं नाव लिहिलं आहे? मिळेल ते उत्तर वहीच्या पहिल्या पानावर, तारीख घालून, लिहून ठेवा.